चाचांचा टाका

औशातल्या आमच्या घरात भर मे महिन्यातही हिरवी कोथिंबीर असते, पुदिना असतो, आणि मृगाच्या तोंडावर शेतात लावायला मिरची-वांग्याची रोपं तयार असतात. येणारे-जाणारे कौतुक माझं करतात. ते ज्यांच्याकडे जायला हवं त्या तिघांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. एक म्हणजे बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेले चाचा. दुसऱ्या, लातूरच्या कॉलेजात मला वनस्पतीशास्त्र शिकवलेल्या मॅडम. आणि तिसऱ्या माझ्या सासूबाई, ज्यांना आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी आत्याबाई म्हणते. नावं छापायची नाहीत, असं तिघांनीही मला बजावलं आहे.

मराठवाड्यात उन्हाला काय तोटा, मग घरात दिवे लावून रोपं कशाला वाढवायची, असं मला नेहमी विचारतात. प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आमच्या घरात आहे. माझं सासर किल्ल्याकडच्या जुन्या वस्तीतलं, माळवदाचं. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, सागवानी खण, वर पांढऱ्या मातीचा थर. माजघराला खिडकी नाही. छताला एक साणं आहे, त्यातून दुपारी तासभर उन्हाचा चौकोन जमिनीवर उतरतो आणि सरकत भिंतीवर जातो. बाहेर पारा बेचाळिशीच्या पुढे गेला तरी आत गार असतं. मात्र त्या गारव्यात तुळससुद्धा धड जगत नाही. आणि अंगण सगळं फरसबंदीचं. तिथे एप्रिलमध्ये सकाळी उगवलेली कोथिंबीर दुपारी मान टाकते. रोपाला हवं ते या दोन्हींच्या मधलं, आणि तेवढंच आमच्या घरात नव्हतं.

माझं माहेर किल्लारी भागातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमचं जुनं गाव गेलं आणि मी वाढले ती नंतर वसवलेल्या गावठाणात. तिथे ओळीत बांधलेली घरं, प्रत्येकाला मोकळी जागा, दारात लिंब, आणि मोरीच्या पाण्यावर आईनं वाढवलेला भाजीचा वाफा. माळवदाच्या घरात मुलगी द्यायला आई मनातून कचरत होती. आमच्या भागात असल्या घरांची भीती अजून गेलेली नाही. लग्नानंतर मला भीती नाही वाटली, पण डोळ्यांना हिरवं दिसेना.

त्यात २०१६ चा उन्हाळा आला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या दिवसांत भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी संडासाला, असा घराघरांतला क्रम होता. रोपाला पाणी मागायची लाज वाटावी असे दिवस होते. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. अंगणातल्या कुंडीत ओतलेलं तांब्याभर पाणी संध्याकाळपर्यंत उडून जायचं, आणि माजघरात ठेवलेल्या ट्रेतली माती तेवढ्याच पाण्यावर तिसऱ्या दिवशीही ओलसर असायची. पाणी वाचवणारी जागा घरातच होती, फक्त तिथे उजेड हवा होता.

चाचांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. मांडणीवर वाल्वचे मर्फी आणि फिलिप्सचे रेडिओ, जुने जड टीव्ही, आणि लग्नामिरवणुकांतल्या लाउडस्पीकरचे ॲम्प्लिफायर. गणपती असो, उरूस असो की सप्ताह, औशातल्या निम्म्या कार्यक्रमांचा आवाज चाचांच्या हातून दुरुस्त होऊन गेलेला. ऐन तरुणपणी त्यांनी हैदराबादच्या कोठीत, गुजराती गल्लीतल्या एका दुकानात उमेदवारी केली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सुटे भाग म्हटले की आमच्याकडच्या जुन्या कारागिरांना मुंबईच्या आधी हैदराबाद आठवतं. माझे सासरे शाळेत शिक्षक होते आणि चाचांची मुलं त्यांच्या वर्गात होती. म्हणून ते सासऱ्यांना गुरुजी म्हणत आणि मला सूनबाई.

मी पहिल्यांदा गेले ती बंद पडलेले बल्ब घेऊन. जानेवारी २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि वीजबिल दाखवून एलईडी बल्ब स्वस्तात मिळू लागले. सरकारी खरेदीत २०१४ साली ३०० रुपयांच्या वर असलेली बल्बची किंमत २०१६ मध्ये ४० च्या खाली आली होती. दोन-तीन वर्षांत त्यातले बरेच बंद पडले आणि चाचांच्या दुकानात त्यांची खोकीच्या खोकी साठली. मी विचारलं, "यांचा रोपांसाठी काही उपयोग होईल का?" चाचांनी एका बल्बची टोपी काढली, आतली गोल ॲल्युमिनियमची चकती माझ्यापुढे धरली. तिच्यावर पिवळे चौकोनी दाणे होते, आणि त्यातल्या एकावर बारीक काळा ठिपका.

"सूनबाई, हा बल्ब मेलेला नाही. एका दाण्याचा जीव गेलाय. सगळे एका ओळीत जोडलेत, म्हणून एक गेला की सगळे अंधारात."

मग दुसऱ्या एका चकतीवरच्या दाण्याचा पिवळा थर त्यांनी सुईनं अलगद खरवडला आणि वीज दिली. इतर दाणे पांढरे, तो एकटा निळा! पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा असतो, त्यावर पिवळ्या रसायनाचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो, हे मी त्या दुकानात उभी राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तांबडे एलईडी १९६२ पासून होते, निळा मात्र १९९० च्या दशकापर्यंत नीट जमला नव्हता. तो जमवणारे इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चाचांना नोबेलचं ठाऊक नव्हतं, पण निळा दाणा आल्यावर दुकानात काय काय बदललं, ते त्यांनी मला महिन्या-महिन्याच्या तपशिलानं सांगितलं.

त्यांनी मला त्या चकत्या मात्र दिल्या नाहीत. कारण सांगितलं ते मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आले आहे. स्वस्त बल्बातलं सर्किट घरच्या विजेपासून वेगळं केलेलं नसतं. २३० व्होल्टची वीज आत सरळ केली की सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जाते, आणि टोपी काढलेली चकती चालू असताना तिला हात लागला तर माणूस जातो. बल्ब होल्डरमधून काढला तरी आतला कपॅसिटर काही वेळ झटका देऊ शकतो. "तुझे हात ओले, खाली पाण्याचे ट्रे. हा दिवा मी माझ्या लेकीला देणार नाही, तुलाही नाही देत." असं म्हणून त्यांनी मला परत पाठवलं आणि आठवड्यानं बोलावलं.

त्या आठवड्यात त्यांनी हैदराबादहून एक-एक वॅटचे सुटे एलईडी मागवले, आणि ड्रायव्हर मागवला तो आत ट्रान्सफॉर्मर असलेला, म्हणजे घरच्या विजेपासून तोडलेला. त्यावर लिहिलं होतं ३०० मिलिॲम्पियर, २४ ते ४० व्होल्ट. एलईडीला व्होल्टेज नव्हे, करंट मोजून द्यावा लागतो, हा त्यांचा पहिला धडा. पांढरा दाणा सुमारे तीन व्होल्ट घेतो, गडद तांबडा सव्वादोनच्या आसपास. सात पांढरे आणि तीन तांबडे एका ओळीत जोडले की २७-२८ व्होल्ट होतात, ड्रायव्हरच्या हद्दीत बसतात. हा हिशोब त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला करून दाखवला. ते पाकीट माझ्याजवळ आहे.

दुसरा धडा उष्णतेचा. एलईडी गार असतो असं आपण समजतो. त्याचा उजेड गार असतो, पण दाण्याची पाठ तापते, आणि ती उष्णता काढून घेतली नाही तर तो लवकर मंद होत जातो. बाजारातली तयार हीटसिंक मी विकत घ्यायला निघाले होते. चाचांनी मला बसस्थानकाकडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे पाठवलं आणि सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियम सेक्शनचे उरलेले दोन-दोन फुटांचे तुकडे वजनावर आणायला लावले. दाण्याच्या पाठीला पांढरं हीटसिंक कंपाऊंड लावायचं, ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरला लावतात तेच. थर अगदी पातळ. जाड लावलं तर तेच उष्णता अडवतं. सेक्शनला अर्थिंगची तार जोडल्याशिवाय त्यांनी दिवा दुकानाबाहेर जाऊ दिला नाही.

आणि तिसरा धडा टाक्याचा. सोल्डरिंग आयर्न त्यांनी माझ्या हातात दिला, तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. बाईमाणसाला काय शिकवता, असं त्यातलं कोणी बोललं नाही, पण नजरा कळत होत्या. चाचांनी नजरांना उत्तर दिलं नाही, मला बसायला स्टूल दिलं. "सोल्डर नको तापवू, जागा तापव. जागा तापली की सोल्डर आपोआप पसरतं." ॲल्युमिनियमच्या पाठीचा एलईडी उष्णता झटकन पिऊन टाकतो, म्हणून टोक चांगलं तापलेलं हवं आणि हात झपाट्यानं उचलला पाहिजे. चमकणारा, बाजूंना उतरत गेलेला टाका पक्का. करड्या रंगाचा गोळा बसला तर तो कच्चा, आज चालेल आणि पावसाळ्यात दमट हवेत बंद पडेल. त्यांनी माझे टाके काढायला लावले, परत घालायला लावले. संध्याकाळच्या नमाजाला जाताना दुकान माझ्यावर सोडून गेले. चाळीस वर्षांची रोजीरोटी ज्या विद्येवर चालली, ती कोणताही आडपडदा न ठेवता एका मुलीला देऊन टाकणं सोपं नसतं. मी पैशाचं विचारलं तेव्हा त्यांनी दाण्यांचे आणि ड्रायव्हरचे घेतले. शिकवण्याचे कसले पैसे, असं म्हणाले तेव्हा चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. म्हणाले, "गुरुजींनी माझ्या पोरांकडून घेतले होते का?"

दिवा पेटला, पण त्याच्याखाली रोपं कशी वाढवायची हे चाचांना माहीत नव्हतं. त्यासाठी मी लातूरला मॅडमांकडे गेले. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या घराच्या गॅलरीत अजून प्रयोग चालू असतात. कॉलेजात असताना त्या आम्हाला एकदा ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या होत्या. काचेच्या बाटल्यांत केळीची बोटभर रोपं, मांडणीवर ट्यूबलाइट, सोळा तास उजेड, आठ तास अंधार, पंचवीस अंश तापमान. ते चित्र मी विसरले नव्हते.

मॅडमांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांवरचा भरवसा काढून घेतला. माणसाचा डोळा अंधाराला सरावतो, पान सरावत नाही. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. आमच्या माजघरात, जिथे मला वाचता येत होतं, तिथे त्यांच्या मीटरनं शंभरही दाखवले नाहीत. बाटलीतल्या रोपांना दोन-तीन हजार पुरतात, कारण त्यांना साखर बाटलीतच मिळते. कोथिंबिरीला दहा हजारांच्या आसपास तरी हवेत. मीटर माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं असतं, गडद तांबडा उजेड त्याला कमी दिसतो आणि पानाला मात्र तो चांगला लागतो, हेही त्यांनी सांगितलं.

रंगांबद्दल माझा गोंधळ होता. बाजारात झाडांसाठी म्हणून जांभळे दिवे मिळतात. हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड जास्त शोषतं, म्हणून त्यात तेवढे दोनच रंग घालतात. अमेरिकेत सुरुवातीचे प्रयोग तांबड्या एलईडींवर झाले, आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये अंतराळ स्थानकातल्या लोकांनी स्वतः वाढवलेलं लेट्यूस खाल्लं तेही मुख्यतः तांबड्या-निळ्या दिव्यांखालचं. पण टेक्सासमध्ये कीथ मॅक्री यांनी बावीस जातींच्या पिकांची पानं तपासून १९७२ मध्ये दाखवून दिलं की हिरवा उजेडही पान बऱ्यापैकी वापरतं. मॅडमांचं म्हणणं याहून साधं होतं. "जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलेलं तुला दिसणारच नाही. मग रोग ओळखशील कशी? आणि ज्या घरात माणसं जेवतात तिथे तो रंग कशाला?" म्हणून पांढरे दाणे जास्त, तांबडे थोडे, हे त्यांनीच ठरवलं.

वेळेचं गणित त्यांनी सोयाबीनवरून समजावलं, आणि लातूर जिल्ह्यात ते समजायला कोणालाच अवघड नाही. सोयाबीन लहान दिवसांचं पीक. पावसाळा सरताना रात्र वाढू लागली की ते फुलाला लागतं. रस्त्यावरच्या मोठ्या दिव्याखाली आलेला पट्टा बाकीचं रान पिवळं पडलं तरी हिरवाच राहतो, कारण त्याची रात्र आपण मोडलेली असते. गार्नर आणि ॲलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच हे सिद्ध केलं. आज ड्रॅगन फ्रूटचे शेतकरी हिवाळ्यात रात्री बागेत बल्ब लावतात ते त्याच ज्ञानावर, तिथे दिवस लांबवून फूल आणायचं असतं. कोथिंबिरीला मात्र फूल यायला नको असतं. तिला उजेड फार वेळ दिला आणि उष्णताही वाढली की ती पानं सोडून फुलांवर जाते. म्हणून आमच्याकडे कोथिंबिरीला बारा तास, मिरचीच्या रोपांना चौदा. टायमर चाचांनी बसवला.

दोन फूट बाय एक फूट जागेवर तीन पट्ट्या, मिळून २५ वॅट. चौदा तास चालल्या तर दिवसाला युनिटचा साधारण तिसरा हिस्सा, महिन्याला दहा-साडेदहा युनिट. वीज गेली तर काय, याचं उत्तरही चाचांच्या दुकानातच मिळालं. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी आमच्याकडे घरोघरी असते आणि उन्हाळ्यात ती रिकामी पडून असते. तीन पांढरे दाणे एका ओळीत, सोबत १५ ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर, अशा दोन-तीन ओळी जोडून त्यांनी एक वेगळी पट्टी करून दिली.

आता आत्याबाई. त्यांचं देणं वरवर पाहता लहान दिसेल. माजघराच्या पूर्वेच्या भिंतीला त्यांच्या सासूच्या काळापासून मडक्यांची उतरंड होती. त्यात काही फार नव्हतं, पण ती तिथे होती. मांडणीला जागा तीच योग्य, हे मला दिसत होतं आणि मागायची हिंमत होत नव्हती. एके दिवशी मी लातूरहून आले तर उतरंड हललेली, भिंत शेणानं सारवलेली. "तिथं ठेव तुझी ती रोपं," एवढंच म्हणाल्या. दिवे लागल्यावर रोज सकाळी पहिली त्यांची नजर ट्रेवर जायची. पानांच्या कडा वर वळलेल्या त्यांनी माझ्या आधी पाहिल्या. "दिवा लई जवळ आलाय, लेकरं भाजायलीत." मी साखळी चार बोटं वर घेतली आणि नवी पानं सपाट आली. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, ही त्यांची शिस्त. रात्री उशिरापर्यंत दिवे चालू ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. मी मॅडमांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंचं ऐक. रात्री पान बंद नसतं, दिवसाची साखर ते रात्री वापरतं, वाढतं. अंधारही खुराकच आहे त्याचा."

मॅडम एकदा औशाला आल्या, तेव्हा मी तिघांना माजघरात एकत्र बसवलं. चाचा मांडणीपुढे उकिडवे बसून टाके तपासत होते, मॅडम भिंग लावून पानं, आणि आत्याबाई दोघांना चहा घ्या, चहा घ्या म्हणत होत्या. त्या दिवशी मॅडमांनी चाचांना विचारलं की आमच्या कॉलेजच्या मुलांना तुम्ही हे शिकवाल का. ते गेले. प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी बीएस्सीच्या मुलामुलींना बल्ब उघडण्याआधी काय करायचं, ते दाखवलं.

२०१८ आणि २०१९ चे रमजान मे-जूनमध्ये आले होते. बाजारात पुदिना सुकलेला मिळायचा. इफ्तारच्या आधी मी मांडणीवरची जुडी कापून चाचींना पोचवत असे. ते ऋण फेडणं नव्हे, हे मला कळतं. अशी देणी फिटत नाहीत, आणि फिटावीत असं मला वाटतही नाही. माझी खंत वेगळी आहे. गावोगावच्या अशा दुकानांत हजारो रुपयांची तयार उपकरणं ज्या ज्ञानावर बनतात ते ज्ञान बसलेलं आहे, आणि आपण त्या दुकानासमोरून मोबाइलवर ऑर्डर देत पुढे जातो.

चाचांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. बारीक सर्किटचं काम आलं की ते मला निरोप पाठवतात आणि मी आयर्न धरते, ते शेजारी बसून टाक्याचा रंग विचारतात. दुकान त्यांची धाकटी मुलगी चालवते. आयटीआय झालेली आहे आणि हिशोबाला माझ्याहून पक्की आहे.

घरात अंधारी जागा असेल आणि तिथे काही हिरवं यावं असं वाटत असेल, तर हे काम अवघड नाही. मात्र पुस्तकावरून किंवा माझ्या या लेखावरून बल्ब उघडू नका. बंद पडलेले बल्ब कचऱ्यात न टाकता पिशवीत भरा, आपल्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात जा, स्टुलावर बसा आणि शिका. शिकवण्याचे पैसे नको म्हणाले, तरी ठेवून या.